अठ्ठ्याऐंशी क्रेडिट : राहिलेल्या पदवीच्या नोंदी

३० एप्रिल २०२५, आखाजी, उधना (सुरत)

आखाजीला माहेरी आले. दुपारी मांडे आणि आमरस झाल्यावर आप्पांनी कपाटातून साडीच्या दुकानाची एक पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. आत माझी बी.कॉम.ची चार गुणपत्रकं. जून २०२१ ते एप्रिल २०२३, दोन वर्षं, चार सत्रं, एकही विषय राहिलेला नाही. तिसऱ्या वर्षाची फी भरायच्या वेळी आप्पांचं लूमचं खातं (कारखाना) बंद पडलं, दिवाळीनंतर माझं लग्न झालं आणि मी अमळनेरकडे आले. त्यानंतर या कागदांकडे मी पाहिलंच नव्हतं. आप्पा म्हणाले, "दोन वरीसनी मेहनत शे तुनी. अशी फेकाई जास का?"

गेल्याच महिन्यात एका पतसंस्थेत लेखनिकाची जागा निघाली होती. पाच बचत गटांचे हिशेब मी लिहिते, ताळेबंद मला जमतो, पण जाहिरातीतली पहिली अटच पदवी. अर्ज करता आला नाही.

म्हणून आजपासून ही वही. काम एकच : उरलेली पदवी कमीत कमी दिवसांत आणि कमीत कमी पैशात पुरी करायची. गुणपत्रकावर प्रत्येक विषयापुढे क्रेडिट छापलेले आहेत, म्हणजे विषय पास झाल्यावर पदवीच्या खात्यात धरले जाणारे एकक. रात्री गच्चीवर बसून बेरीज केली. ८८.

७ मे २०२५, गाव

बोरीकाठच्या आमच्या गावाहून अमळनेर चौदा किलोमीटर. तालुक्यातल्या एका महाविद्यालयात चौकशीला गेले. खिडकीवरच्या माणसाने गुणपत्रकं उलटून पाहिली आणि सांगितलं, "परराज्यातलं आहे, पहिल्या वर्षापासून बसावं लागेल." मी विचारलं, नियम कुठे लिहिलाय? उत्तर मिळालं नाही.

रात्री वाचत बसले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शैक्षणिक क्रेडिट बँक सांगितली आहे. जुलै २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तिचे विनियम काढले आणि बँक सुरू झाली. सगळे तिला एबीसी म्हणतात. बँकेत पैसे ठेवावेत तसे क्रेडिट साठतात, आणि दुसऱ्या विद्यापीठात गेलात तर तिथे वापरता येतात. तीन वर्षांची पदवी साधारण १२० क्रेडिटची. एका वर्षाचे ४० झाले की प्रमाणपत्र, ८० झाले की पदविका घेऊन थांबता येतं आणि पुढे परत येता येतं.

दोन गोष्टी वहीत लाल पेनने लिहिल्या. एक, या बँकेतून बदली होते ती २०२१-२२ पासून मिळवलेल्या क्रेडिटचीच. माझं पहिलं वर्ष नेमकं तेच. एक वर्ष आधी कॉलेजला गेले असते तर ते पहिलं वर्ष बाहेर राहिलं असतं. दोन, क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. म्हणजे माझ्या पहिल्या सत्राची घडी चालू झालेली आहे.

११ मे

डिजिलॉकरमधून बारा आकडी एबीसी क्रमांक काढला. पाच मिनिटांचं काम. खातं उघडून पाहिलं तर आत शून्य.

याचं कारण समजायला दोन दिवस गेले. आपले क्रेडिट आपल्याला टाकता येत नाहीत, ते शिकवणाऱ्या संस्थेलाच चढवावे लागतात. शिवाय आधारवर माझं लग्नानंतरचं नाव, गुणपत्रकांवर माहेरचं. ही दोन माणसं एकच आहेत हे यंत्राला कळायला मार्ग नाही. सासर-माहेरच्या नावाचा हा घोळ माझ्या एकटीचा नाही. आमच्या गल्लीतच सुरतहून सून होऊन आलेल्या चार जणी आहेत, चौघींच्या कागदांवर दोन-दोन नावं.

ग्रामपंचायतीत विवाह नोंदणीचा दाखला होता, तो काढला. तालुक्याला प्रतिज्ञापत्र केलं. सासूबाई म्हणाल्या, "बठ्ठा कागद एक जागे ठेव, बेटा," आणि त्यांची लोखंडी पेटी मला रिकामी करून दिली.

१६ मे

आज मोठ्या जाऊबाई वही वाचत बसल्या होत्या. हळूच विचारलं, "माझंबी व्हईल का गं?" त्यांनी बी.ए.चं पहिलं वर्ष २०१४ साली पास केलंय. मार्कशीट अजून गादीखाली आहे.

मला खोटं सांगता येईना. २०२१-२२ च्या आधीचं या बँकेतून येत नाही. त्यांना नव्यानेच सुरुवात करावी लागेल. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याच कामासाठी आहे, पुस्तकं मराठीत मिळतात, घर सांभाळून परीक्षा देता येते. पण त्यांचं ते एक वर्ष गेलं ते गेलं. त्या उठून गोठ्याकडे गेल्या. मला रात्री झोप आली नाही. ज्या वर्षी त्यांनी शिक्षण सोडलं त्या वर्षी कुणी हे क्रेडिट जपून ठेवायची व्यवस्था केली असती तर? अशा किती जणी असतील खानदेशच्या या तीन जिल्ह्यांत, ज्यांचं एक वर्ष, दीड वर्ष कुठल्या तरी गादीखाली आहे.

१९ मे

एक माणूस घरी आला होता, ह्यांच्या ओळखीतून. म्हणाला, वहिनी, कशाला एवढी धावपळ, पंचेचाळीस हजार द्या, एका वर्षात पदवी हातात, मागच्या तारखेचा प्रवेश दाखवू. ह्यांना क्षणभर मोह झाला, मला दिसलं ते.

दूरस्थ शिक्षणासाठी कोणत्या विद्यापीठाला कोणत्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे याची यादी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर असते. बनावट विद्यापीठांची यादीही आयोग काढतो. शिवाय सप्टेंबर २०२४ पासून दूरस्थ प्रवेशाला याच विभागाचा, डीईबीचा, क्रमांक लागतो आणि तो एबीसी क्रमांकाला जोडलेला असतो. मागच्या तारखेचा प्रवेश त्यात बसणार कसा? ह्यांना मोबाईलवर सगळं दाखवलं. त्या माणसाला चहा दिला आणि नाही म्हटलं.

२२ मे

आजचं काम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दूरस्थ बी.कॉम.ची मान्यता असलेल्या तीन विद्यापीठांना एकच पत्र पाठवलं. ईमेलने आणि स्पीड पोस्टनेही. पाच प्रश्न, साधे :

माझे ८८ क्रेडिट आहेत, त्यातले जास्तीत जास्त किती घेता येतील? विषय जुळवून घेता की सत्र जुळवून? जे विषय तुमच्याकडे आहेत आणि मी शिकले नाही ते कसे भरून काढायचे? स्वयंम या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरचा अभ्यासक्रम त्यासाठी चालेल का, आणि परवानगी आधी घ्यायची की नंतर? पडताळणीचं शुल्क किती, आणि प्रवेश नाही घेतला तर ते परत मिळतं का?

फोनवर विचारलं की प्रत्येक जण वेगळं सांगतो. कागदावर विचारलं की विचार करून उत्तर देतात. लेखी उत्तर हातात आल्याशिवाय एक रुपया भरायचा नाही असं मी ठरवलं आहे.

२ जून, पॅसेंजर, नवापूर

पहाटे अमळनेरहून सुरतची गाडी धरली. नवापूरला गाडी थांबली. या फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत. लहानपणी आप्पा इथे उतरून मला एका पायाने गुजरात आणि एका पायाने महाराष्ट्र करायला लावायचे. आज खिडकीतून तो फलाट बघताना वाटलं, गाडीला कुणी विचारत नाही तू कोणत्या राज्याची, डबे आहेत तसे पलीकडे जातात.

जुन्या महाविद्यालयात दिवस गेला. माझ्या वर्षाच्या मुलांचे क्रेडिट चढवलेलेच नव्हते. जी मुलं तिथेच तिसरं वर्ष करून बाहेर पडली त्यांना अडलं नाही, म्हणून कुणी मागितलंही नाही. अर्ज दिला, सोबत विवाह दाखला, प्रतिज्ञापत्र, चारही गुणपत्रकांच्या प्रती. पोच घेतली, तारखेचा शिक्का मारून घेतला. स्थलांतर प्रमाणपत्र आणि ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा एकत्र उतारा, यांचे पैसे भरले.

आणखी एक गोष्ट मागितली, जी मला आधी सुचली नव्हती : चारही सत्रांच्या प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, शिक्क्यासह. विषय जुळवायचे तर नावावरून जुळत नाहीत, आतली प्रकरणं बघावी लागतात. एका विद्यापीठाच्या माहितीपत्रकात ही ओळ सापडली म्हणून बरं, नाहीतर तिसरी फेरी पडली असती.

१८ जून

पाऊस झाला. दोन दिवस कापूस लावायला शेतात होते. वहीत लिहायला काही नाही.

२६ जून

डिजिलॉकर उघडलं आणि शून्याच्या जागी ८८ दिसले. सासूबाईंना दाखवले. त्यांना आकडा कळला, बाकी कळलं नाही, पण त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

४ जुलै

तीनपैकी दोन उत्तरं. एकाने पहिल्या वर्षापासून या असं कळवलं. दुसऱ्याने सविस्तर लिहिलंय. पदवीच्या १२० पैकी निम्मे, म्हणजे ६० क्रेडिट, त्यांच्याकडेच मिळवावे लागतील. बाहेरून जास्तीत जास्त ६०, तेही विषय जुळले तर. जुळवणी समिती करेल. तिसऱ्याचं उत्तर अजून नाही.

आतेभाऊ न्यू जर्सीत आहे, त्याच्याशी बोलले. तिकडेही बॅचलर डिग्री साधारण १२० क्रेडिटची, आणि तिकडेही बहुतेक कॉलेजं काही क्रेडिट आमच्याकडेच घ्या म्हणतात. पण तिथे क्लेप नावाच्या परीक्षा आहेत, ३४ विषयांच्या. विषय येत असेल तर वर्गात न बसता परीक्षा द्यायची, पास झालात तर अनेक कॉलेजं त्याचे क्रेडिट धरतात. थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी तर १९७२ पासून नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांसाठीच आहे. ऐकून हेवा वाटला. पाच गटांचे ताळेबंद मी दर महिन्याला जुळवते, त्याची परीक्षा घ्या आणि क्रेडिट द्या असं मलाही म्हणता आलं असतं.

असो. ६० तर ६०.

२४ जुलै

समितीचं पत्र. ५२.

सकाळपासून हे पत्र चार वेळा वाचलं. ८८ मधले ५२ घेतले. वित्तीय लेखांकन दोन्ही, व्यवसाय अर्थशास्त्र, सांख्यिकी, कंपनी कायदा, परिव्यय लेखांकन, हे सगळे आले. गुजराती गेलं. तिथल्या कॉलेजात गुजराती लिहायला मी रात्र-रात्र घासले होते, मराठी शाळेतून गेलेली मुलगी, मला त्यात सत्तरच्या वर गुण आहेत. ते क्रेडिट कुठेच लागले नाहीत. एका कर विषयाचंही तसंच, नाव तेच पण प्रकरणं जुनी.

दुपारपर्यंत रडू येत होतं. मग कागद काढून हिशेब मांडला, कारण हिशेब मला शांत करतो. वरची मर्यादा ६० होती. म्हणजे सगळे विषय जुळले असते तरी ८८ मधले २८ जाणारच होते. खरी तूट फक्त ८ ची. आणि ही तूट कशाची? पर्यावरण ४, भारतीय ज्ञान परंपरा २, मराठी भाषा कौशल्य २. नव्या धोरणाप्रमाणे आखलेल्या अभ्यासक्रमात हे आहेत, माझ्या जुन्यात नव्हते. शिकायला अवघड एकही नाही.

म्हणजे ५२, अधिक ८, अधिक विद्यापीठाची तीन सत्रं वीस-वीसची ६०. बरोबर १२०. पहिल्यापासून बसले असते तर सहा सत्रं. आता तीन. इथे कोणत्याही विषयाची परीक्षा जूनलाही होते आणि डिसेंबरलाही, त्यामुळे पहिल्या तीन सत्रांचे ६० धरून चौथं सत्र जुलैत सुरू करता येतं. नेहमीच्या महाविद्यालयात सम सत्र (दुसरं, चौथं, सहावं) हिवाळ्यात असतं, तिथे पाच महिने नुसती वाट पाहिली असती.

३ ऑगस्ट, कानबाई

घरात रोट. चाळीस माणसं. काही काम नाही.

१२ ऑगस्ट

प्रवेश झाला. डीईबी क्रमांक आधी काढलेला होता. क्रेडिट वर्ग करताना पडद्यावर सूचना आली की एकदा वापरलेले क्रेडिट परत बँकेत जात नाहीत. बोट क्षणभर थांबलं. मग दाबलं.

२० ऑगस्ट

पर्यावरणाचे ४ क्रेडिट स्वयंमवरून करायचे. केंद्र सरकारचं हे व्यासपीठ २०१७ पासून चालू आहे. शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षेला बसायचं तरच शुल्क. आयोगाच्या २०२१ च्या विनियमाप्रमाणे एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम असे घेता येतात. पण आपल्या विद्यापीठाने होकार दिलेला हवा. मी नाव, कालावधी, क्रेडिट असं सगळं लिहून अर्ज केला आणि परवानगीचं पत्र आल्यावरच नोंदणी केली. गल्लीतल्या एकीने आधी अभ्यासक्रम केला, प्रमाणपत्र आणलं, मग विद्यापीठाकडे गेली. ते प्रमाणपत्र आता भिंतीवर आहे, क्रेडिट नाहीत.

स्वाध्यायांना ३० टक्के, परीक्षेला ७०. दोन्हींत वेगवेगळे ४० टक्के लागतात. म्हणजे स्वाध्याय टाळून शेवटी परीक्षेत मारू असं जमणार नाही.

१४ सप्टेंबर

वेळापत्रक असं बसलंय. पहाटे साडेचार ते सहा लेखांकन. व्हिडिओ दुपारी, कारण तेव्हा गावात रेंज बरी असते. मराठी आणि ज्ञान परंपरा रविवारी.

अडीच वर्षांनी अभ्यासाच्या पुस्तकातल्या नोंदी करायला घेतल्या तर हात आपोआप चालला, याचं फार बरं वाटलं.

५ ऑक्टोबर

विद्यार्थ्याने ठरवलं तर पदवी आणखी लवकर पुरी करता येईल अशी सोय आयोगाने केली आहे. तीन वर्षांची पदवी पाच सत्रांत, चार वर्षांची सहा किंवा सात सत्रांत. पहिल्या किंवा दुसऱ्या सत्रानंतर समिती विद्यार्थी पाहून निवडते, आणि संस्था यासाठी दहा टक्क्यांपर्यंत जागा ठेवू शकते. वाचून ह्यांनी विचारलं, तू पण घे ना एका सत्रात जास्तीचे.

नको म्हटलं. पुढच्या आठवड्यात कापूस वेचणी सुरू. मजूर मिळत नाहीत, मी शेतात असणार. एका सत्रात तीस क्रेडिट घेऊन दोन विषय राहिले तर सहा महिने उलट वाढतील. ज्याच्याकडे दिवस मोकळा आहे त्याने जरूर घ्यावं. माझा वेग मी आधीच मिळवला, तो या ५२ मध्ये आहे.

९ नोव्हेंबर

वेचणी. चार स्वाध्याय मागे पडले होते, रात्री बसून तीन दिले. एकाची तारीख गेली.

१७ डिसेंबर

परीक्षा झाल्या. स्वयंमची धुळ्याला संगणकावर दिली. पहाटेच्या एसटीने गेले, दीर सोबत होता. माऊस धरायची भीती वाटत होती म्हणून आदल्या दिवशी त्याच्याकडून तासभर सराव करून घेतला. "वहिनी, तुम्ही हिशेबाच्या बाई, एवढं काय," म्हणाला. बरा गेला पेपर.

घरी भरीत-पुरीचा बेत होता.

८ मार्च २०२६

सत्राचा निकाल लागला, सगळे विषय पास. स्वयंमचंही प्रमाणपत्र आलं, ७१ टक्के. आता खर्च लिहून ठेवते, जाऊबाईंच्या पुतणीला हवाय.

सुरतच्या फेऱ्या ९४०. ट्रान्सक्रिप्ट आणि स्थलांतर प्रमाणपत्र १,३५०. प्रतिज्ञापत्र, झेरॉक्स, टपाल ६१०. क्रेडिट पडताळणी १,५००. एका सत्राचं शुल्क ३,८००. स्वयंम परीक्षा ७५०. एकूण ८,९५०. पुढच्या दोन सत्रांचे ७,६०० धरले तर पदवी १६,५५० ला पडेल.

याच विद्यापीठात पहिल्यापासून बसले असते तर सहा सत्रांचे २२,८०० झाले असते. म्हणजे वाचले सहा हजार दोनशे पन्नास. क्रेडिट बदलीने पैसे फार वाचतात असं जे सांगतात ते दूरस्थ शिक्षणापुरतं तरी तितकं खरं नाही. कागद गोळा करण्यातच बरेच जातात. वाचतं ते दीड वर्ष. डिसेंबर २०२६ ला मी शेवटची परीक्षा देईन, एरवी ती जून २०२८ ला आली असती. घरातल्या बाईच्या आयुष्यातलं दीड वर्ष म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला हा हिशेब समजेल. मधल्या काळात मूल होतं, कुणी आजारी पडतं, पाऊस दगा देतो, आणि फी भरायचा महिना निघून जातो. जितकी सत्रं कमी तितकी ही भीती कमी.

जाऊबाईंनी नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची माहिती पुस्तिका मागवली आहे. मला दाखवली नाही, मला ती पेटीत दिसली.

१९ एप्रिल २०२६, आखाजी, उधना

इकडे येण्याआधीच जूनच्या परीक्षेचा अर्ज भरून आले. आप्पांना आता चालायला काठी लागते. त्यांनी मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ धरून पडद्यावरचा आकडा वाचला. ८०.

"कितला ऱ्हायनात?"

"चाळीस, आप्पा."

त्यांनी ती साडीच्या दुकानाची पिशवी मागितली. मी म्हटलं, ती पेटीत आहे, सासूबाईंजवळ.